जाऊन राहिलो

आमच्या घराला दार एकच होतं, आणि ते दुकानातून होतं. तुमसरच्या बाजारात समोर कापडाचं दुकान, मागे दोन खोल्या, वर एक माडी आणि शेवटी अंगण. अंगणाला पुरुषभर उंच भिंत आणि भिंतीपलीकडे राइस मिल. मिल सुरू झाली की मांडणीवरचे पेले किणकिण वाजायचे, आणि मायनं सकाळी धुऊन भरलेल्या माठावर दुपारपर्यंत कोंड्याची पिवळी धूळ बसलेली असायची. बाहेर जायचं तर बाबूजींच्या गादीसमोरून जा, आत यायचं तर गादीसमोरून या. बाबूजी गिऱ्हाइकापुढे पातळ उलगडत बसलेले असत. मान वर न करता विचारत, "कुठं जाऊन राहिला?" मी म्हणायचो, "ग्राउंडवर जाऊन राहिलो." मग मागे फर्रकन कापड फाडल्याचा आवाज यायचा. जणू माझं म्हणणं ऐकलं आणि बाजूला टाकलं.

आम्ही मूळचे विणकर. आजोबांनी मोहाडीला मागावर जन्म काढला, बाबूजींनी माग सोडून दुकान टाकलं, आणि त्या दुकानावर त्यांचा भारी जीव. मी एकुलता एक. मी गादीवर बसणार हे माझ्या बारशालाच ठरलं असावं. बसायला माझी ना नव्हती, पण मला आधी इथून निघायचं होतं. कुठं, हे विचाराल तर तेव्हा धड सांगता आलं नसतं. फुटबॉल बरा खेळायचो, बचावात डाव्या बाजूला उभा राहायचो, आणि खेळाच्या जोरावर आमच्या भागातले एकदोन जण रेल्वेत लागले होते, एवढं माहीत होतं. कॉलेजचं शेवटचं वर्ष लागलं तसं बाबूजींनी एका संध्याकाळी दुकानाच्या फळ्या लावता लावता निकाल देऊन टाकला. "विद्यापीठाच्या टीममंदी नाव आलं त जाय. रेल्वेत लाग, पोलिसात लाग, मी आडवा येत नाई. नाई आलं त या गादीवर बसाचं, मंग फुटबॉलचं नाव काढाचं नाई." मी लगेच हो म्हणालो. आमची टीम तेव्हा जिंकणारी होती ना. मला वाटलं, सुटलो.

आमचे जुने खेळाचे सर साधे गृहस्थ. त्यांनी आम्हाला आयुष्यात एकच गोष्ट शिकवली: उंच मारा आणि मागे पळा. एवढ्यावर आम्ही आजूबाजूची कॉलेजं हरवायचो. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी वर्षभरासाठी चौगुले सर आले, थेट कोल्हापूरहून. तिशीचे, बुटके, छाती पुढे, चालताना पाय जमिनीवर कमी टेकणारे. लग्न व्हायचं होतं आणि एकट्या माणसाला बाजारात कोणी खोली देईना. प्राचार्य आमच्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक, त्यांनी बाबूजींना गळ घातली. बाबूजींनी आमची माडी दिली. माडी म्हणजे माझी खोली. मला म्हणाले, "तुया मास्तराले घरीच आणलं. आता तुले ग्राउंडवरबी जायची गरज नाई." बाबूजी क्वचित विनोद करत, आणि केला की असा करत.

तेव्हापासून माझं जगणं अवघड झालं. पहाटे डोळा उघडला की समोरच्या खाटेपुढे चौगुले सर बैठका मारत असत. जेवायला बसलो की शेजारी सर. दुसऱ्यांदा भात घेतला की सर बघत. ग्राउंडवर सर, आणि ग्राउंडवरून घरी येतानाही सायकलच्या मागल्या कॅरिअरवर सरच. इतर पोरं मॅच हरली की आपापल्या घरी जाऊन सरांना मनसोक्त शिव्या द्यायची. सिहोऱ्याचा किसना, आमचा गोलकीपर, बसमध्येच सुरू करायचा आणि गाव येईपर्यंत मोकळा व्हायचा. मी कुठं मोकळा होणार होतो? उशीत तोंड खुपसून शिवी दिली तरी समोरच्या खाटेवरून विचारणा व्हायची, "काय म्हणालास रं?"

सरांना आमची बोली म्हणजे करमणूक वाटायची. पहिल्याच दिवशी बाबूजींचं आणि माझं नेहमीचं बोलणं त्यांनी ऐकलं आणि हसत सुटले. "आरं लेका, जातोयस का राहतोयस? एक काय ते ठरीव की. तुम्ही लोक जाता पण आणि राहता पण." मी म्हणालो, सर, आमच्याकडं असंच म्हणतात. जाऊन राहिलो म्हणजे जातो आहे. ते म्हणाले, "आमच्याकडं जो राहिला तो राहिला." मायला हे सांगितलं तर ती म्हणाली, "त्याइच्या गावात काहीबी म्हणो, तू जेवाले ये."

तिखटाचाही सरांना फार अभिमान. मी कोल्हापूरचा आहे वहिनी, तिखटाचं मला काही सांगू नका, असं चारदा ऐकल्यावर मायनं एका रविवारी सावजी मटण केलं, आणि हात जरासुद्धा आखडला नाही. रस्सा काळा, वर तेलाचा बोटभर तवंग. सरांनी पहिला घास घेतला आणि त्यांचे कान लाल झाले. मायनं विचारलं, "मास्तर, दही आणू का?" सर म्हणाले, "नको नको, झकास झालंय," आणि इभ्रतीखातर आणखी रस्सा मागून घेतला. दुसऱ्या दिवशी पहाटे खाटेपुढे बैठका नव्हत्या. अख्ख्या हंगामात आमचा सराव बुडाला तो तेवढाच. पण त्या दिवसापासून सर मायला मानू लागले, आणि माय त्यांना. सगळं पुढे जे झालं ते त्या मानण्यातून झालं, असं मला आता वाटतं.

पहिली मॅच आमच्याच ग्राउंडवर होती. सरांनी उंच मारणं बंद करून टाकलं होतं. चेंडू जमिनीवरून, छोटे छोटे पास. कोल्हापूरला ते बरोबर असेल. आमच्या ग्राउंडाच्या तिन्ही बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं; पावसाळ्यात बांधीतलं पाणी फुटून ग्राउंडवर यायचं. छोटा पास दिला की चेंडू चार हातांवर जाऊन चिखलात बसायचा, आणि आम्ही त्याच्याकडे बघत उभे. तरी आम्ही तग धरून होतो. मग त्यांचा एक पोरगा चेंडू घेऊन माझ्या अंगावर आला. मी सरसावलो, तेवढ्यात रेषेवरून सर ओरडले, "सुधाकर, पाय! पाय!" मी मान वळवून बघितलं. मागे कोणी नव्हतं. उजवीकडे बघितलं, तिकडेही कोणी नव्हतं. मी पुन्हा समोर बघितलं तर तो पोरगाही नव्हता, तो किसनाच्या पुढे पोचला होता.

असं त्या मॅचमध्ये तीनदा झालं, आणि माझ्या एकट्याचंच नाही. सरांनी "पाय" अशी आरोळी दिली की आमच्या अख्ख्या टीमच्या माना वर व्हायच्या. मॅच संपल्यावर सर रागानं मैदानात आले. "मी पाय म्हणालो की आभाळाकडं काय बघालाय रं सगळे? विमान चाललंय व्हय?" किसना भोळा. तो म्हणाला, "तुमीच त म्हणता ना सर, पाय. मंग आमी पायतो." सरांना वाटलं पोरगा टिंगल करतो आहे. त्याला ग्राउंडला चकरा मारायला लावल्या. आता बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं, आमच्याकडं पाय म्हणजे पाहा. इकडं पाय, थे पाय, त्याच्याकडं पाय. सरांचा पाय म्हणजे साधा पाय, गुडघ्याखालचा. पाय घाल, चेंडू काढ, असं ते सांगत होते, आणि आम्ही आज्ञाधारक पोरं, जिकडेतिकडे पाहत होतो. हे उमगेपर्यंत आम्ही आणखी हरलो. उमगलं तेही घरी, मायमुळे.

माय संध्याकाळी सुपात लाखोरीची डाळ निवडत बसायची. सर तिच्यासमोर बसून सुपातले दाणे फरशीवर मांडायचे. हे आपले, हे त्यांचे. माय हात न थांबवता बघायची. एकदा तिनं डाळीतून खडा काढून टाकला तर सरांनी तो उचलून दाण्यांच्या डाव्या बाजूला ठेवला. माय म्हणाली, "हा खडा कोण?" सर म्हणाले, "तुमचा मुलगा." माय हसली नाही. बराच वेळ त्या खड्याकडं बघून म्हणाली, "हे पाय मास्तर, याच्या मांगं कोणीच नाई. गोलवाला पोट्टा एकलाच हाय." सर म्हणाले, "कुणाचा पाय?" "पाय नाई वो. पाय. पायून घ्या म्हणतो मी." सर आधी तिच्याकडं, मग माझ्याकडं बघत राहिले. मग कपाळावर हात मारून घेतला. मला वाटलं, आता सगळं सुरळीत होईल.

झालं उलटंच. सरांनी नियम केला की मैदानात पाय म्हणजे पाय, पाहायचं असेल तर "बघ" म्हणायचं. आता ऐन धावपळीत किसनाच्या तोंडून "बघ" निघणार कसं? त्याच्या सात पिढ्यांत कोणी "बघ" म्हटलेलं नव्हतं. पूर्वी तो मागून सतत ओरडायचा, पाय, मांगून येऊन राहिला, पाय. त्या आवाजावर आम्ही चालायचो. आता तो गप्प झाला. शब्द तोंडापर्यंत यायचा आणि तो गिळायचा. आम्ही बहिऱ्यासारखे खेळत होतो आणि हरत होतो. बाजारात लोक थांबवून विचारायचे, "काय गा सुधाकर, कितीनं?" हरलात का, हे कोणी विचारत नव्हतं. बाबूजी तर पाऊस पडला का विचारावं तसं विचारत, "हरून आले?" आणि त्यांच्या आवाजात आनंदही नसायचा, याचाच मला जास्त राग यायचा. आनंद असता तर भांडता आलं असतं.

माझ्यापुरतं मात्र सरांनी एक केलं. त्यांना बाबूजींची अट माहीत होती, एका घरात काय लपतं. विद्यापीठाची निवड करणारे गृहस्थ आमची शेवटची मॅच बघायला येणार होते, सरांनीच त्यांना आग्रह करून बोलावलं होतं. "टीमचं जाऊ दे," सर म्हणाले, "तुझं नाव मी त्यांच्या कानावर घातलंय. त्या दिवशी नीट खेळलास की झालं." मग रोज सकाळी अंगणात मिलच्या भिंतीला पाठ लावून मी उभा, आणि सर चेंडू घेऊन अंगावर येत. पाय म्हटलं की पाय गेलाच पाहिजे, डोकं वळता कामा नये. पाय. पाय. पलीकडे मिलची धडधड, इकडे हे. महिनाभरात असं झालं की जेवताना सर कशावरून तरी पाय म्हणाले आणि माझा पाय सुटला, तांब्या लवंडला, बाबूजींच्या ताटात पाणी. बाबूजी म्हणाले, "याले जनावरावानी शिकवलं तुमी." सर खूष झाले.

त्याच दिवसांत सर इकडं मायजवळ बसून आमची बोली उचलत होते, त्याकडं मी लक्ष दिलं नाही. मले, तुले, काहून, सगळं यायला लागलं होतं. "वहिनी, मले जरा आंबील द्या" म्हणत आणि माय पदरात हसे.

शेवटच्या मॅचला पाऊस उघडला होता, ग्राउंड बरंच वाळलं होतं. ते निवड करणारे गृहस्थ टोपी घालून खुर्चीवर बसले होते. आणि कुंपणाशी सायकल धरून बाबूजी. भर बाजाराच्या वेळी आमचं दुकान बंद आहे म्हणून लोक त्यांनाच बघत होते. मी त्या दिवशी जन्मात खेळलो नाही असा खेळलो. सर पाय म्हणाले की पाय, चेंडू माझ्याकडं. खुर्चीवरचे गृहस्थ शेजाऱ्याला माझं नाव विचारताना मी स्वतः ऐकलं. गोल कोणाचाच नव्हता. थोडाच वेळ उरला होता, आणि बरोबरीसुद्धा त्या हंगामात आम्हाला दिवाळीसारखी होती. तेवढ्यात एक चेंडू उंचावरून आमच्या गोलकडं आला. मी त्याच्याखाली जात होतो. मागून किसना चेंडू धरायला पुढे निघाला होता. तो काही बोलला नाही, बोलायची सवयच मोडली होती. रेषेवरून सर जिवाच्या आकांतानं ओरडले, "सुधाकर, पाय!"

माझा पाय गेला. चेंडू अंगठ्याला लागला, पुढे आलेल्या किसनाच्या बाजूनं निघाला आणि हळूहळू घरंगळत आमच्याच गोलमध्ये गेला. इतका हळू, की मला वाटलं थांबेल.

संध्याकाळी चौघं जेवायला बसलो. मायनं पातोडीचा रस्सा केला होता, मला आवडतो म्हणून, जिंकू या आशेनं सकाळीच ठरवलेला. मी शेवटी म्हणालो, "तुम्ही पाय म्हणाले सर, मी पाय टाकला." सरांनी हातातला घास खाली ठेवला. "आरं, मी तुमचं पाय म्हणालो. किसना आलाय, पाय, असं म्हणालो मी." मिल बंद होती, त्यामुळे फार शांत वाटलं. मायनं तोंडाला पदर लावला आणि ती रडायला लागली. "मीच शिकवलं मास्तरले," म्हणाली. बाबूजी उठले, हात धुतले आणि येताना माझ्या खांद्यावर ओला हात ठेवून गेले. ते रागावले असते तर मला सोसलं असतं.

निवड करणारे गृहस्थ माझं नाव न टिपताच गेले होते; दुसऱ्या दिवसापासून मी गादीवर. लोखंडी गजानं कापड मोजायचं, कात्रीनं टोक द्यायचं, फर्रकन फाडायचं. सगळं शिकलो, पटकन शिकलो, याचंही दुःख झालं. कॉलेजनं सरांना पुढे ठेवलं नाही. जायच्या आदल्या दिवशी माडीवर ट्रंक भरता भरता ते म्हणाले, "आमच्या पेठेत एक संघ आहे. तिथं तुला उभा करतो. राहायला माझं घर. चल माझ्यासंगं. तुझ्या घरात मी राहिलो, माझ्या घरात तू राहा." मी माझे बूट उचलले आणि त्यांच्या ट्रंकेत घातले. मायला सांगितलं नाही, बाबूजींना तर नाहीच. सकाळी दुकानातून निघालो. बाबूजींनी विचारलं, "कुठं जाऊन राहिला?" म्हणालो, "सरांना सोडायला तुमसर रोडला जाऊन राहिलो." त्या दिवशी त्यांनी मान वर करून पाहिलं. माय आतून दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत आली. सरांच्या हातात तिनं डबा दिला, मला काही म्हणाली नाही.

तुमसर रोड स्टेशनावर नागपूरची पॅसेंजर आली. आता गोंदियाहून कोल्हापूरला थेट गाडी जाते, आमच्या स्टेशनावर रोज थांबते, तिची वेळ मला न पाहता सांगता येते. तेव्हा नागपुरात बदलावं लागायचं. सर ट्रंक घेऊन चढले, दारात उभे राहिले. "चल." मी म्हणालो, "तुम्ही बसा सर, मी येऊन राहिलो." गाडी हलली. पॅसेंजरच ती, माणूस चालत चढू शकेल एवढा तिचा वेग. सर दांडीला धरून वाकले, दुसरा हात माझ्याकडं केला आणि ओरडले, "पाय! सुधाकर, पाय!"

ते कोणतं पाय म्हणाले, मला अजून माहीत नाही. पायरीवर पाय ठेव म्हणाले, की पाहा, गाडी चालली म्हणाले. अंगणात महिनाभर शिकवलेला माझा पाय उचलला नाही. मी पाहत होतो. मला भीती वाटली, एवढंच खरं आहे. बाबूजींनी अडवलं म्हणून मी इथं राहिलो असं मी पुढे पुष्कळांना सांगितलं, बायकोलाही तेच सांगितलं. तिथं फलाटावर मला धरायला कोणी नव्हतं. डबे एकामागून एक पुढून गेले, शेवटचा गार्डाचा गेला. माझे बूट कोल्हापूरला गेले आणि मी सायकल घेऊन तुमसरला आलो.

दुकानात बाबूजी एकटेच होते. त्यांनी काही विचारलं नाही, गादीवर जरा सरकून जागा केली. मी आत गेलो. चुलीपुढे दोन ताटं मांडलेली होती. मायनं मला पाहिलं, आणि ती इतकी दचकली की तिच्या हातातली पळी पडली. मग पातेलं उघडून आत बघत बसली.

"हातपाय धुऊन घे," म्हणाली, "जरासा थांबा लागते. मी दोघायपुरताच भात टाकला होता."